दुष्काळनिधीसाठी मैफल करायची आहे? गाणारे नंतर ठरवा, पैशाची वाट आधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फोंडा-म्हार्दोळ भागात तुम्ही तेरा-चौदा कलाकार आहात. निम्मे भजनी मंडळातले, तीन-चार नाट्यगीतं गाणारे, दोघे तियात्राच्या (कोकणी संगीतनाट्याच्या) बँडमध्ये ट्रंपेट आणि बास गिटार वाजवणारे. मंडळातल्या एकाची बहीण लातूर जिल्ह्यात दिलेली आहे आणि तिच्या गावी फेब्रुवारीपासूनच टँकर सुरू झालाय. ते ऐकून तुमच्या मनात आलं, की आपण सगळे मिळून एक संगीतरजनी करू आणि पैसे पाठवू. तुम्ही विचारता: मुंबईहून मोठं नाव आणावं का? तिकीट किती ठेवावं? लंडनमधले गोंयकार मित्र पैसे देतो म्हणतात, ते घ्यावेत का? आणि मंडळातला एक तरुण म्हणतो की लातूरपेक्षा सुदानमधली मुलं जास्त उपाशी आहेत, त्याला काय सांगावं?

मी मूळचा पेटीवाला. साथ अजून करतो, पण गेली सव्वीस वर्षं गोव्यात मैफली उभ्या करण्याचं कामही करतो. त्यातले पाच कार्यक्रम मदतनिधीसाठी होते. दोन समाधानकारक झाले, दोन ठीक, आणि एक आठवला की अजून वाईट वाटतं. त्या अनुभवावरून सांगतो: तुम्ही विचारलेल्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. रसिकाच्या खिशातून निघालेला रुपया त्या गावापर्यंत कोणाच्या हातून, कोणत्या खात्यातून आणि कधी जाणार? हे ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं. हे न ठरवता गाणाऱ्यांची यादी करायला बसलात, तर कार्यक्रम सुंदर होईल आणि पैसा मधेच कुठेतरी अडकेल.

असा पैसा फार मोठ्या लोकांचाही अडकलाय. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मैफल झाली. कल्पना पंडित रविशंकरांची. आदल्या नोव्हेंबरात तिथे भयानक चक्रीवादळ झालं होतं, मग युद्ध पेटलं, आणि सुमारे एक कोटी माणसं निर्वासित होऊन भारतात येत होती. रविशंकरांनी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि पाच-सहा आठवड्यांत सगळं जुळून आलं. आधी सतार, सरोद आणि तबला: रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा. मग हॅरिसन, बॉब डिलन आणि बाकीचे. एका दिवसात दोन खेळ, मिळून सुमारे ४० हजार श्रोते. तिकिटांचे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लगेच पोचले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून त्याच्या कितीतरी पट रक्कम जमली, आणि ती अमेरिकेच्या करखात्याच्या कचाट्यात सापडली. कारण एवढंच, की कार्यक्रम धर्मादाय असल्याची रीतसर व्यवस्था आधी केलेली नव्हती. तो पैसा मोकळा व्हायला सुमारे दहा वर्षं गेली. वाजवणाऱ्यांच्या हेतूत काडीचीही खोट नव्हती. चुकला तो फक्त क्रम.

माझाही तसाच चुकला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. पहिली गाडी १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन सुमारे साडेतीनशे किलोमीटर गेली. ती दृश्यं टीव्हीवर बघून आम्ही वीस दिवसांत कार्यक्रम उभा केला. सभागृह भरलं, गायलेही सगळे जीव ओतून. पैसे कोणाला द्यायचे ते मात्र ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलं होतं. धनादेश कोणाच्या नावाने घ्यायचे हे ठरलं नव्हतं, म्हणून आमच्यातल्या एकाच्या बचत खात्यात सगळे पैसे भरले. मग संस्था शोधायला लागलो. एका संस्थेची चारा छावणी तोवर बंद होत आली होती, दुसरीला पैसे कशासाठी हवेत हे तिलाच नीट सांगता येईना. एवढ्यात पाऊस आला. ती रक्कम योग्य जागी पोचली तेव्हा दिवाळी झाली होती. मधल्या पाच महिन्यांत बाजारात भेटणारा प्रत्येक माणूस विचारायचा, ‘काय झालं हो त्या पैशाचं?’ ज्याच्या खात्यात पैसे होते त्या प्रामाणिक माणसाने पुन्हा कुठल्याच सार्वजनिक कामाला हात लावला नाही. त्याचं नुकसान मी आजही भरून काढू शकलेलो नाही.

म्हणून पहिलं काम: घेणारा शोधा आणि त्याची नेमकी गरज समजून घ्या. ‘दुष्काळग्रस्तांना मदत’ ही गरज झाली नाही, तो मथळा झाला. दुष्काळात कोणाला काय लागतं ते गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतं, त्यामुळे अमुकलाच द्या असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण विचारायचं कसं ते सांगतो. प्यायच्या पाण्याचे टँकर बहुतेक ठिकाणी सरकार पुरवतं. तिथे तुमचे पैसे घालण्यापेक्षा पाणी साठवायला टाक्या आहेत का ते विचारा, कारण टँकर येऊन जातो आणि म्हाताऱ्या माणसाच्या घरात दोन घागरींपलीकडे भांडंच नसतं. गुरांना चारा आहे का? विहिरीतला गाळ काढायचा असेल तर उन्हाळ्यातच काढावा लागतो. तलावातला गाळ काढून शेतात पसरायची सरकारी योजना महाराष्ट्रात २०१७ पासून आहे, ती त्या गावात चालू आहे का आणि कशावाचून अडलीय? आणखी एक गरज आपल्या लक्षात येत नाही: पुण्याला शिकायला गेलेली दुष्काळी भागातली मुलं. घरून पैसे यायचे बंद झाले की ती आधी एक वेळचं जेवण सोडतात, मग शिक्षण. खाणावळीचे चार महिन्यांचे पैसे थेट खाणावळीला भरले, तर पाच पैसेही इकडेतिकडे होत नाहीत. आमच्या दोन चांगल्या कार्यक्रमांपैकी एक याच कामासाठी होता.

वस्तू गोळा करायच्या भरीला पडू नका. तांदूळ, जुने कपडे, पाण्याच्या बाटल्या असं काहीतरी लोक उत्साहाने आणून देतात. मग फोंड्याहून लातूरला ट्रक न्यायचं भाडं त्या मालाच्या किमतीला टेकतं. शिवाय दुष्काळ म्हणजे बाजारात धान्यच नाही, असं बहुधा नसतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीसेक लाख माणसं गेली असा अंदाज आहे. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं की त्या वर्षी धान्य एवढं कमी नव्हतंच. भाव चढले, आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात ते विकत घ्यायला पैसा नव्हता. माणूस बाजाराच्या दारात उपाशी मरतो, तेव्हा त्याच्या हातात मजुरी किंवा रोख पडणं महत्त्वाचं असतं. त्याच बंगालसाठी इप्टा या नाट्यसंघाच्या कलापथकाने देशभर फिरून गाणी म्हटली, महाराष्ट्रातही म्हटली, आणि झोळीत पैसे जमवले. दुष्काळासाठी गाणाऱ्यांनी एकत्र यायची आपली परंपरा पाश्चात्त्यांच्या मोठ्या मैफलींहून जुनी आहे, हे तुमच्या मंडळातल्या तरुणांना जरूर सांगा.

तुम्ही भजनी माणसं, तेव्हा दामाजीपंतांची गोष्ट मी सांगायला नको. मंगळवेढ्याचं कोठार उघडून त्यांनी भुकेल्यांना धान्य वाटलं. मग विठू महार होऊन प्रत्यक्ष पांडुरंग बेदरच्या दरबारात गेला आणि मोहरा मोजून दिल्या. पण त्या कथेतला एक तपशील कीर्तनात पुढे निघून जातो: विठूने पैसे भरल्यावर पावती मागून घेतली, आणि ती पावती दामाजींच्या पोथीत सापडली. देवानेसुद्धा पावती घेतली, हे मी प्रत्येक मदतनिधीच्या पहिल्या बैठकीत सांगतो.

घेणारी संस्था नोंदलेली हवी, तिच्या देणग्यांना आयकराची ८०जी सवलत असावी, आणि मागच्या वर्षीचे तपासलेले हिशेब तिने मागितल्याबरोबर दाखवावेत. कार्यक्रमाआधी तिच्याकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या: आम्ही ही रक्कम अमुक गावात, अमुक कामासाठी, अमुक तारखेपर्यंत खर्च करू. सभागृहात क्यूआर कोड लावायचा तो तिच्याच खात्याचा लावा. तुमच्यापैकी कोणाच्याही वैयक्तिक खात्यात एक रुपयाही जाऊ देऊ नका, मग तो माणूस कितीही सज्जन असो. खरं तर सज्जन असेल तर मुळीच नको. अशी संस्था मिळालीच नाही, तर महाराष्ट्राचा मुख्यमंत्री साहाय्यता निधी आहे. तिथे नेमकं गाव निवडता येत नाही, पण पैसा अधांतरी राहत नाही.

आता मुंबईच्या गायकाचं. माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. समजा सहाशे खुर्च्यांचं सभागृह आहे, तिकीट ३०० रुपये, आणि चारशे तिकिटं विकली गेली. आले १ लाख २० हजार. गायक म्हणेल मी बिदागी घेणार नाही, आणि ते मनापासून म्हणेल. पण त्याच्याबरोबर तबलजी, पेटीवाला, तानपुऱ्याला शिष्य असे चौघे येणार. त्यांचं येणं-जाणं, दोन रात्री हॉटेल, विमानतळापासूनची गाडी, वर सभागृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, छपाई, चहापाणी. आठवड्याभराने वही उघडाल तेव्हा दुष्काळासाठी वीस-पंचवीस हजार उरलेले दिसतील. तेवढे तुम्ही चौदा जणांनी आपसात वर्गणी काढूनही जमले असते. याला एकच अपवाद: तो गायक कुठल्या उत्सवासाठी तसाही गोव्यात येणार असेल आणि एक दिवस जास्त राहायला तयार असेल, तर हात जोडून बोलवा.

यातूनच माझा एक नियम तयार झालाय. खर्च आणि निधी यांच्या वह्या वेगळ्या. खर्चाचे पैसे कार्यक्रमाआधी उभे करायचे: एक जण सभागृहाचं भाडं भरेल, एक ध्वनियंत्रणेचं, एक केटरर चहा देईल. दुकानदार ‘खर्चाला द्या’ म्हटल्यावर बिचकतो, पण ‘तुमच्या पाच हजारांमुळे तिकिटाचा प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण लातूरला जाईल’ म्हटलं की देतो. खर्चाचे पैसे जमले नाहीत, तर कार्यक्रम पुढे ढकला. निधीत हात घालायची वेळ येऊ देऊ नका. आणि मंचावरून कोणाची देणगी जाहीर करायची असेल, तर ती जमा झाल्यावरच करा. आमच्या एका कार्यक्रमात एका व्यावसायिकाने मोठा आकडा जाहीर केला, टाळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापूनही आलं. ते पैसे कधी आलेच नाहीत, आणि लोकांच्या मनात मात्र तेवढी रक्कम आमच्या नावावर पडली.

साथीदारांबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण यावर कोणी बोलत नाही. ‘चांगल्या कामासाठी आहे, फुकट वाजव’ असं चारचौघांत सांगितलं, तर तबलजी नाही म्हणू शकत नाही. ज्याला सरकारी शाळेत किंवा बँकेत नोकरी आहे त्याला ते परवडतं. पण ज्याचं घर श्रावणातल्या आणि चवथीतल्या भजनांवर, उत्सवी नाटकांच्या तालमींवर आणि चार शिकवण्यांवर चालतं, त्याच्या एका संध्याकाळची किंमत तुमच्या तिकिटाच्या कितीतरी पट असते. ध्वनियंत्रणेवाला पोरगा तर सकाळपासून वायरी ओढत असतो. गायकाला टाळ्या मिळतात, वर्तमानपत्रात फोटो येतो; साथ करणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय येतं? मी असं करतो: खर्चाच्या वहीतून प्रत्येक साथीदाराला ठरलेलं मानधन पाकिटात घालून देतो, कार्यक्रमाआधी, एकांतात. ज्याला ते निधीत टाकायचंय तो टाकतो. कोणी टाकलं आणि कोणी नाही, हे मी कोणाला सांगत नाही. गेल्या वेळी सहापैकी चौघांनी परत दिलं. उरलेल्या दोघांनी ठेवलं, आणि त्या दोघांनी त्या रात्री जी साथ केली ती मी विसरणार नाही. दुष्काळात रोजगार गेलेल्या माणसासाठी पैसे जमवताना शेजारच्या माणसाचा रोज बुडवायचा, हे मला पटत नाही.

कार्यक्रमात काय करायचं? संगीतरजनी म्हटलं की वीस गायक येतात, प्रत्येकाला दोन गाणी, मधे निवेदन, सत्कार, श्रीफळ, भाषणं. साडेतीन तासांनी लोक घड्याळं बघायला लागतात. एकत्र येणं म्हणजे एकामागून एक गाणं नव्हे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग आठवा. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या चुरशीच्या दोन कंपन्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. लोक तुटून पडले, कारण एरवी हे दोघे एका रंगमंचावर दिसलेच नसते. पुढे तीन महिन्यांत केशवराव गेले, त्यामुळे तो योग पुन्हा कधी येणारच नव्हता. तुमच्याकडे असा योग आहे. तियात्राचा ट्रंपेट आणि भजनाचा पखवाज एकत्र कोणी ऐकलाय? नाट्यपदाच्या दोन कडव्यांमधली जागा ट्रंपेटने भरली तर कशी वाटेल, हे बघायला मी स्वतः तिकीट काढून येईन. पाच-सहा रचना अशा बसवा की त्या तुम्ही सगळे मिळूनच सादर करू शकाल, आणि त्यांच्यासाठी आठ तालमी करा. कोण आधी गाणार, भैरवी कोणाची, हा वाद हमखास निघतो. २८ जानेवारी १९८५ च्या रात्री अमेरिकेत आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी चाळीसहून अधिक नामवंत गायक एक गाणं ध्वनिमुद्रित करायला जमले, तेव्हा संगीतकार क्विन्सी जोन्स यांनी अहंकार दाराबाहेर ठेवून या अशी पाटीच लावली होती. आपल्याकडे भैरवी सगळ्यांनी मिळून म्हटली की काम भागतं.

आणि सभागृहच हवं का, याचाही विचार करा. वास्कोचा दामोदर सप्ताह तुम्हाला माहीत आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी साथीच्या रोगाने गाव हैराण झालं, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं आणि अखंड चोवीस तासांचं भजन सुरू झालं, ते आजतागायत दरवर्षी होतं. संकटाला एकत्र गाऊन सामोरं जायची याहून मोठी पद्धत गोव्यात दुसरी नाही. मग पंचक्रोशीतल्या बारा भजनी मंडळांना बोलवा, प्रत्येकाला एक तासाचा पार (भजनाची पाळी) द्या, सकाळी नऊ ते रात्री नऊ. देवळाचा मंडप तयार असतो, पेट्या-पखवाज मंडळं घेऊन येतात, प्रत्येक मंडळाबरोबर त्यांच्या वाड्यावरचे लोक येतात. खर्च जवळपास शून्य. दुपारी आणि संध्याकाळी पावणी (लिलाव) ठेवा. जत्रेत नारळ, केळ्यांचा घड, फणस पावणीला लावला की माणसं ईर्ष्येने बोली चढवतात, ती ईर्ष्या इथे उपयोगी पडते. एका गावात आम्ही हे केलं. पावणीतले अर्ध्याहून अधिक पैसे एकाच भोपळ्याने आणले, कारण दोन वाड्यांनी तो प्रतिष्ठेचा केला.

मात्र एक काळजी घ्या. गोव्यातली देवस्थानं १९३३ च्या महाजनी कायद्याप्रमाणे चालतात, आणि देवळाच्या आवारात जमलेला पैसा देवाचा की दुष्काळाचा, असा प्रश्न कोणीही महाजन (देवस्थानाचा नोंदलेला सभासद) उभा करू शकतो, तोही वाईट हेतूने नव्हे. समितीचा लेखी ठराव आधी घ्या, पेटीवर घेणाऱ्या संस्थेचं नाव ठळक लिहा, आणि ती पेटी फंडपेटीपासून दूर ठेवा.

तिकिटाचा कार्यक्रमच करायचा ठरला, तर तिकीट माणशी ५०० रुपयांच्या आत ठेवा. मैफलीच्या प्रवेशाला तिथपर्यंत जीएसटी माफ आहे. त्यापुढच्या तिकिटावरही तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीचा प्रश्न येत नाही, पण एकदा सीएला विचारून घ्या. तिकीट काढणाऱ्याला ८०जीची पावती देतो असं सांगू नका. पैशाच्या बदल्यात तो मैफल ऐकतो, त्यामुळे ती देणगी धरली जात नाही. म्हणून मी तिकीट कमी ठेवतो आणि देणगी वेगळी मागतो, तिची पावती संस्था थेट देते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत मिळत नाही, हे मोठ्या देणगीदारांना आधीच कळवा.

गाण्यांच्या हक्कांचं म्हणाल तर जुने अभंग मोकळे आहेत. ‘मानापमान’ची पदंही मोकळी, कारण खाडिलकर १९४८ साली आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा १९९८ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चालींवर अजून हक्क आहे. तिकीट लावून ती पदं किंवा चित्रपटगीतं गायलात, तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना काढा. कार्यक्रम धर्मादाय आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. उघड्यावर असेल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. वर्षातल्या ठरावीक १५ दिवसांपुरती सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं, पण त्या भरवशावर बेत करू नका.

लंडनच्या मित्रांबाबत पहिला प्रश्न हा विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्टवर नोकरीला गेलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकी धरली जात नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय. तो घेतला की ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी कायद्याच्या नजरेत माणूस परदेशी, आणि त्याचा पैसा म्हणजे परकी देणगी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परकी देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी, पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यात यायला हवेत, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. म्हणजे तुमच्या मंडळाने ते घ्यायचेच नाहीत. घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए नोंदणी असेल, तर मित्रांना थेट तिला पाठवू द्या. नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. गावचा माणूस आहे, मनापासून देतोय, त्याला नाही म्हणताना जड जातं. तरी म्हणा.

सुदानचं म्हणणाऱ्या तरुणाला गप्प करू नका, तो बरोबर बोलतोय. मराठीत पावसाने दगा दिला तरी दुष्काळ आणि माणसं भुकेने मेली तरी दुष्काळच. इंग्रजीत याला ‘ड्रॉट’ आणि ‘फॅमिन’ असे दोन शब्द आहेत, आणि आंतरराष्ट्रीय संस्था दुसरा शब्द फार जपून वापरतात: पाचातल्या एका कुटुंबाला अन्नच नाही, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित आहेत, आणि दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू होताहेत, अशी स्थिती झाली तरच. ऑगस्ट २०२४ मध्ये सुदानच्या उत्तर दारफुरमधल्या झमझम छावणीत ती स्थिती असल्याचं जाहीर झालं. कारण युद्ध. तिथे कुपोषित मूल वाचवायला शेंगदाण्याच्या लगद्यात दूधपावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं घातलेली ९२ ग्रॅमची पुडी देतात. एका पुडीत ५०० कॅलरी असतात, आणि सहा ते आठ आठवडे ती नेमाने द्यावी लागते. पण भारतात जमवलेला निधी इथल्या संस्थेमार्फत परदेशात खर्च करणं करसवलतीच्या दृष्टीने अवघड आहे. शिवाय तो पोचला का, हे फोंड्यात बसून तुम्ही बघू शकणार नाही. ज्याला द्यायचंय त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्थेला द्यावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत व्यक्तीला तशी मुभा आहे. कार्यक्रमात त्या तरुणाला पाच मिनिटं द्या, त्याला जे सांगायचंय ते सांगू दे. पेटी मात्र एकच ठेवा, लातूरची. दोन पेट्या ठेवल्या की ऐकणाऱ्याचं मन दोन्हीकडून सुटतं.

कार्यक्रम झाल्यावर पंधरा दिवसांत एका पानाचा हिशेब काढा: किती आले, कशातून आले, संस्थेला कोणत्या तारखेला गेले, बँकेचा व्यवहार क्रमांक. तो देवळाच्या फलकावर लावा, प्रत्येक मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका. तीन महिन्यांनी तुमच्यापैकी दोघांनी स्वतःच्या खर्चाने त्या गावी जाऊन यायचं. फोटो काढायला नव्हे. पाण्याची टाकी बसली का, विहिरीत झरे मोकळे झाले का, ते बघायला. पुढच्या वेळी तुम्ही हाक दिलीत तर लोक येतील की नाही, हे त्या दोघांनी परत येऊन काय सांगितलं यावर ठरेल.

वेळ थोडा आहे. मार्चमध्ये शिगम्यात तुमचे निम्मे कलाकार गुंतलेले असतील, आणि जूनमध्ये पाऊस लागला की त्या वर्षीचं गाळ काढायचं काम संपलं. म्हणजे तुम्हाला मिळतो तो एप्रिल. पण तारीख धरण्याआधी आज रात्री त्या बहिणीला फोन लावा. टँकर किती दिवसांनी येतो, घरात किती घागरी राहतात, गुरं विकली की अजून दावणीला आहेत, शेजारपाजारची मुलं शिकायला कुठे आहेत आणि त्यांचं जेवणाचं काय चाललंय, हे सगळं तिला विचारा, आणि ती सांगेल ते लिहून घ्या. त्या गावात कोणाच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे, हे तिलाच ठाऊक असेल. ते नाव कळलं की मला कळवा, संस्थेकडून काय लिहून घ्यायचं त्या चार ओळींचा मसुदा मी करून देतो.